नव्या वेबसाइटसाठी स्वतःचा स्टार्टर कसा तयार करावा

नाशिकमध्ये वेबसाइटची फ्रीलान्स कामं करणाऱ्यांकडे येणाऱ्या मागण्या साधारण ठरलेल्या असतात. गंगापूर रोडच्या मिसळवाल्याला मेन्यू आणि नकाशा हवा, पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराला मराठी-इंग्रजी साइट हवी, पंचवटीतल्या लॉजला २०२७ च्या सिंहस्थाआधी बुकिंगचं पान हवं. कामं वेगळी, पण सुरुवात प्रत्येक वेळी तीच: फोल्डर, फाँट, रंग, मेन्यू, फूटर. मग सर्रास जुन्या प्रोजेक्टचा फोल्डर कॉपी केला जातो आणि मिसळवाल्याचा फोन नंबर लॉजच्या फूटरमध्ये जाऊन बसतो. त्यापेक्षा एकदाच स्वतःचा स्टार्टर, म्हणजे प्रत्येक नव्या साइटची सुरुवात ज्यावरून करायची तो तयार फोल्डर, बांधून ठेवा.

सुरुवात कोऱ्या फाइलपासून करू नका. तुमचे शेवटचे तीन प्रोजेक्ट शेजारी-शेजारी उघडा. जे तिन्हींत सापडेल तेच स्टार्टरमध्ये येईल. एकाच प्रोजेक्टमध्ये असलेला स्लायडर कितीही देखणा असला तरी बाहेर. २०१० साली आलेलं एचटीएमएल५ बॉयलरप्लेट हे तयार स्टार्टरही जरूर वाचा, पण जसंच्या तसं उचलू नका. एखादी ओळ का आहे हे सांगता येत नसेल, तर ती तुमच्या स्टार्टरमध्ये नको.

आता एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा. अगदी वर डॉकटाइप, मग एचटीएमएल टॅगवर लँग ॲट्रिब्यूट, मराठी पानासाठी 'एमआर'. हेडमध्ये सर्वांत आधी यूटीएफ-८ ची कॅरसेट ओळ (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत हे ब्राउझरला सांगणारी) घाला. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्येच असावी लागते. त्यानंतर व्ह्यूपोर्ट, म्हणजे पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी ओळ. त्यात झूम बंद करणारी सेटिंग कधीही टाकू नका, चष्मा विसरलेल्या माणसालाही दर वाचता आले पाहिजेत. बॉडीमध्ये हेडर, नॅव्ह, मेन, फूटर एवढं पुरे.

खरी मेहनत सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये आहे, कारण बाहेरून मिळणारे बहुतेक स्टार्टर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. देवनागरीत वर वेलांटी, रफार, खाली उकार. इंग्रजीला चालणारी १.४ ची लाइन-हाइट मराठी परिच्छेदात दाटीवाटी करते, १.७ पासून सुरुवात करा. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं, मराठीत मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात. फाँट म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, वॉफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेली) फाइल, फक्त दोन वजनं (अक्षरांच्या जाड्या) आणि फाँट-डिस्प्लेला स्वॅप, म्हणजे फाँट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये दिसतो. लँग 'एमआर' दिल्याचा एक फायदा इथे दिसतो: ज्या फाँटमध्ये सोय आहे, तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

हे सगळं नीट चाललंय का, हे बघायला स्टार्टरमध्येच एक चाचणीचं पान ठेवा आणि त्यात हा मजकूर टाका: 'त्र्यंबकेश्वरच्या दऱ्या, द्राक्षं, ॲप, ऱ्हास, ₹१,२५,०००'. जोडाक्षरं, अर्धा र, ॲ आणि लाखाचा स्वल्पविराम, सगळं एका ओळीत तपासून होतं. आकडे हाताने लिहायची गरज नाही. जावास्क्रिप्टमध्ये आकडे भाषेनुसार मांडणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' दिलं की मराठी अंक आणि स्वल्पविराम दोन्ही जागेवर येतात.

रंग, अंतरं आणि अक्षरांचे आकार सीएसएसमध्ये रूटवर कस्टम प्रॉपर्टी (नाव देऊन एकाच जागी ठेवलेली किंमत) म्हणून लिहा, म्हणजे नव्या क्लायंटसाठी मुख्यतः तेवढाच भाग बदलावा लागेल. मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवाच. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स सगळीकडे, म्हणजे दिलेल्या रुंदीत पॅडिंग आणि बॉर्डरही धरली जाते. जावास्क्रिप्ट अगदी थोडी ठेवा: मोबाइलचा मेन्यू उघडणं-मिटणं आणि त्यासोबत एरिया-एक्सपांडेड (aria-expanded, मेन्यू उघडा आहे की मिटलेला हे स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट) बदलणं. रिॲक्ट ही मोठ्या ॲपसारख्या साइटसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी मुळात घालू नका. मिसळीच्या मेन्यूला ती लागत नाही, आणि ज्या कामाला लागेल तिथे वेगळी सुरुवात करणंच बरं.

क्लायंटप्रमाणे बदलणाऱ्या प्रत्येक जागी, म्हणजे नाव, पत्ता, फोन, नकाशाची लिंक, वर्णन, 'बदला-बदला' असं लिहून ठेवा. साइट लाइव्ह करण्याआधी पूर्ण फोल्डरमध्ये हा शब्द शोधायचा. एकही सापडता कामा नये.

शेवटी सगळं गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाका, गिटहबवर चढवा आणि तिथल्या सेटिंग्जमध्ये टेम्प्लेट रेपॉझिटरीचा (रेपॉझिटरी म्हणजे प्रोजेक्टचा फोल्डर) पर्याय चालू करा. मग नवं काम आलं की एका बटणावर नवी रेपॉझिटरी तयार होते आणि जुन्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलांचा) इतिहास सोबत येत नाही. काम करताना सुचलेली सुधारणा लगेच स्टार्टरमध्ये टाकायचा मोह होतो. थांबा. पुढच्या कामातही तीच लागली, तर टाका. आणि अधूनमधून उलटही करा: जी गोष्ट प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तुम्ही पहिल्याच दिवशी डिलीट करता, ती स्टार्टरमधूनच काढून टाका.