‘आधी सॉरी म्हण!’ : मुलांना चांगलं-वाईट शिकवताना या चुका टाळा

बालवर्ग आणि पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवून मला बावीस वर्षं झाली. या काळात पालकांच्या आणि नव्या शिक्षकांच्या तक्रारी फारशा बदललेल्या नाहीत. ‘खोटं बोलतो’, ‘कोणाला काही देत नाही’, ‘एवढं चुकलं तरी वाईट म्हणून वाटत नाही’. चुकाही त्याच त्याच बघते. मुलांमध्ये काही बिनसलं की मोठ्या माणसाला पहिल्या मिनिटातच निकाल लावायचा असतो: कोण चुकलं, कोणी माफी मागायची, कोणाला शिक्षा. त्या मुलाला तेव्हा काय दिसलं, काय ठाऊक होतं, हे विचारायला कोणी थांबत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

१. ओढून काढलेलं ‘सॉरी’

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त लिहिते.

वर्गात मातीकाम चाललं होतं. पाच वर्षांच्या एका मुलीनं कासव केलं होतं. पाठीवर काडीनं चौकटी कोरलेल्या, एक पाय जरा आखूड. कोणी हात लावू नये म्हणून तिनं ते वर्तमानपत्राच्या तुकड्यात सैलसर गुंडाळून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात मी ‘चला, आवरा’ म्हटलं. दुसरी एक मुलगी, आवरायला नेहमी सगळ्यांच्या आधी उठणारी, टेबलावरचे कागदाचे बोळे दोन्ही हातांनी कवेत घेत आली आणि सगळा ढीग तिनं केराच्या बादलीत टाकला. कासवाचे तीन तुकडे झाले.

‘तिनं मुद्दाम टाकलं!’ रडून वर्ग डोक्यावर. मी तेव्हा नवी होते, दाराशी पालक येऊन उभे राहिले होते आणि ते रडणं मला लवकर थांबवायचं होतं. मी टाकणारीला पुढे बोलावलं. ‘सॉरी म्हण तिला.’ ती म्हणाली, ‘मला माहीतच नव्हतं.’ मी म्हटलं, ‘ते राहू दे, आधी सॉरी म्हण.’ जमिनीकडे बघत ती म्हणाली. रडणं थांबलं. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या आठवड्यात आवरायची वेळ झाली की मुलं आपापल्या वस्तू छातीशी धरायला लागली. ‘ती टाकते’ असं एकमेकांना सांगायला लागली. आणि ती मुलगी आवरायला उठेनाशी झाली. मुलांनी तिच्याबद्दलचा निकाल माझ्याकडूनच उचलला होता. बाईंनी माफी मागायला लावली म्हणजे हिनं मुद्दामच केलं असणार.

या वयातली मुलं आधी नुकसान बघतात, हेतू मागाहून. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली मांडलेली कपांची गोष्ट शिक्षणशास्त्र शिकलेल्या प्रत्येकानं वाचलेली असते. एक मुलगा दार उघडतो, दारामागे कप आहेत हे त्याला ठाऊक नसतं, आणि १५ कप फुटतात. दुसरा आईच्या नकळत कपाटातला जॅम काढायला जातो आणि त्यात १ कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं १५ कपवाल्याकडे बोट दाखवायची. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हेतू अगदी ठळक करून सांगितला तर तीन-चार वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात. म्हणजे कुवत असते. समोर मोडकी वस्तू आणि रडणारी मैत्रीण असताना ती वापरणं अवघड जातं.

आमच्या वर्गात अडचण आणखी नाजूक होती. दुसऱ्याच्या डोक्यातली माहिती आपल्यापेक्षा वेगळी, अगदी चुकीचीसुद्धा असू शकते, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते. हे १९८३ पासून अनेक प्रयोगांत तपासलं गेलं आहे. मेलनी किलन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जवळपास आमच्यासारखाच प्रसंग मुलांना सांगितला होता: पिशवीत दुसऱ्याचा खाऊ आहे हे ठाऊक नसलेलं मूल आवरताना ती पिशवी टाकून देतं. समोरच्याला काय माहीत होतं हे ज्या मुलांना नीट ओळखता येत नव्हतं, ती त्याच्यावर वाईट हेतू लादायची. आमची कासववाली हट्टी नव्हती. आत कासव आहे हे तिला ठाऊक होतं, मग इतरांना ते ठाऊक नसेल हे तिला पटायचं कसं?

आठवडाभरानं मी खडूचा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला. ‘काय आहे?’ ‘कागद.’ ‘उघड.’ खडू बघून ती गप्प झाली. मग विचारलं, ‘त्या दिवशी तिला काय दिसलं असेल?’ बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘कागद.’ आणि लगेच, ‘तरी तिनं उघडून बघायला पाहिजे होतं.’ एवढं झालं तरी माझ्या मते खूप झालं. ‘मुद्दाम’वरून ती ‘नीट बघितलं नाही’वर आली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ज्याला लागलं किंवा ज्याचं नुकसान झालं त्याच्याजवळ बसते. मग दोघांना वेगवेगळं विचारते, ‘तुला काय दिसलं?’ ‘का केलंस?’ मी विचारत नाही. त्या प्रश्नाला चार वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं, आणि असलं तर ते बचावाचं असतं. त्यानंतर, ‘आता काय करता येईल?’ माती पुन्हा भिजवतात, तुकडे जोडतात, नवं करायला मदत करतात. माफी कधी त्यात आपसूक येते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी येतच नाही, आणि मी ती मागत नाही. धाक दाखवून वळण लावण्यापेक्षा ‘तुझ्या वागण्यानं तिला काय झालं’ हे समजावणं आतवर पोहोचतं, असं मार्टिन हॉफमन १९६०च्या दशकापासून मांडत आले. त्याला वेळ लागतो. ज्यांना तीस सेकंदांत शांतता हवी आहे त्यांना सक्तीचं सॉरी सोयीचं वाटतं, पण ती सोय मोठ्यांची असते. मुलांनाही मनापासूनची माफी आणि ओढून काढलेली माफी यांतला फरक कळतो.

२. उत्तर ठाऊक असताना ‘कोणी केलं?’ विचारणं

चार वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर उभा होता. दोन्ही तळवे निळे, कोपरापर्यंत ओघळ. मी विचारलं, ‘रंग कोणी घेतला?’ तो म्हणाला, ‘मी नाही घेतला. निळा तर नाहीच नाही.’ रंग निळा होता हे मी म्हटलंच नव्हतं.

कांग ली आणि व्हिक्टोरिया तलवार यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांत हेच दिसतं. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, ‘वळून बघू नकोस’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं वळून बघतात. परत येऊन ‘बघितलंस का?’ विचारलं की बघितलेल्यांपैकी चार वर्षांवरची बरीचशी ‘नाही’ म्हणतात. पण ‘मग काय असेल तिथे?’ असं विचारलं की लहानगी पटकन खेळण्याचं नावच सांगून टाकतात. अज्ञानाचं सोंग सहा-सात वर्षांच्या सुमारास जमायला लागतं. खोटं बोलायला दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज लागतो आणि स्वतःच्या जिभेवर ताबा लागतो. चौथ्या वर्षीचं पहिलं खोटं म्हणजे मूल बिघडलं असं मानणाऱ्या पालकांना मी हे दरवर्षी सांगते. ती समज वाढल्याची खूण आहे. तिला वळण लावायचं काम तिथून सुरू होतं.

आणि आपण काय करतो? सापळा लावतो. पुरावा हातात असताना प्रश्न विचारतो आणि मूल सापळ्यात अडकलं की दुहेरी शिक्षा देतो, एक सांडल्याची, एक खोट्याची. तलवार आणि ली यांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत मारण्याची शिक्षा होती, दुसरीत नव्हती. मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि जास्त सफाईनं बोलली.

माझी सवय अशी: दिसतं ते बोलायचं. ‘रंग सांडलाय. फडकं तिकडे आहे.’ मूल पुसायला लागतं, आणि पुसता पुसता निम्म्या वेळा स्वतःच सांगतं. सांगितलं की ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच म्हणते. पुढे भाषण नाही.

गोष्टी सांगणाऱ्यांसाठीही एक सूचना. ‘लांडगा आला रे आला’ सांगून मुलं खरं बोलायला लागतील या भरवशावर राहू नका. ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. खोट्याची भयंकर शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टींनी काही फरक पडला नाही. छोट्या जॉर्ज वॉशिंग्टननं (पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते) झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याला जवळ घेतलं, या गोष्टीनं पडला. त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्याला शिक्षा होते असं सांगितलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला.

३. ‘त्याला काही वाटतच नाही’ म्हणून घाबरणं

मुलानं दुसऱ्याची गाडी हिसकावली आणि हसत बसला. आई हादरते. चार-पाच वर्षांच्या मुलांना चोरी चूक आहे हे पक्कं ठाऊक असतं. तरी ‘चोरणाऱ्याला कसं वाटत असेल?’ विचारलं तर ती म्हणतात, ‘छान. त्याला पाहिजे ते मिळालं.’ नुनर-विंकलर आणि सोडियन यांनी १९८८ साली हे नोंदवलं. आठ वर्षांच्या आसपास उत्तर बदलतं आणि मुलं म्हणतात, त्याला वाईट वाटत असेल. नियम कळणं आणि तो मोडल्यावर आत टोचणं यांत काही वर्षांचं अंतर असतं.

वाटून देण्याचंही तसंच. २०१३च्या एका अभ्यासात तीन वर्षांची मुलंसुद्धा ‘निम्मे-निम्मे द्यायला हवेत’ म्हणाली, पण प्रत्यक्षात निम्मे दिले ते सात-आठ वर्षांच्यांनी. तेव्हा ‘कळतं पण वळत नाही’ म्हणून चिडू नका. सराव द्या, आणि मूल बघत असताना स्वतः वाटून द्या.

४. प्रत्येक चांगुलपणाला बक्षीस

नको. वार्नेकन आणि टोमासेलो यांनी २००६ साली दाखवलं की दीड वर्षाचं मूल अनोळखी माणसाची पडलेली वस्तू न सांगता उचलून देतं. २००८ साली त्यांनीच दाखवलं की मदतीबद्दल वस्तू मिळत गेलेली वीस महिन्यांची मुलं पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, कमी मदत करतात. भिंतीवरचे स्टिकरचे तक्ते मी कधीच काढून टाकले.

५. सगळे नियम एकाच आवाजात

‘चावू नकोस’ आणि ‘बूट रांगेत ठेव’ हे दोन्ही सारख्याच चढ्या सुरात सांगितलं की मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. एरवी त्याला फरक कळतो. इलियट ट्युरिएल यांच्या कामातून हे पुढे आलं: ‘बाईंनी परवानगी दिली तर चालेल का?’ असं विचारलं की बुटांबाबत तीन-चार वर्षांची मुलंही ‘चालेल’ म्हणतात, आणि मारण्याबाबत ‘तरी नाही’. त्या ‘तरी नाही’ला जपा. बुटांसाठी आवाज वाया घालवू नका.

६. ‘लबाड’, ‘शहाणा’ असे शिक्के

दोन्ही टाळा. १९२०च्या दशकात हार्टशोर्न आणि मे यांनी दहा हजारांवर मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असं निघालं नाही. आणि ‘किती हुशार आहेस’ अशी स्तुती ऐकलेली तीन आणि पाच वर्षांची मुलं, ‘या वेळी छान केलंस’ ऐकलेल्यांपेक्षा खेळात जास्त फसवतात, असं २०१७च्या एका प्रयोगात दिसलं.

७. पायऱ्यांचा तक्ता घेऊन मूल मोजणं

‘माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला तिसऱ्या पायरीवर कसं नेऊ?’ असं मला एका वडिलांनी मनापासून विचारलं होतं. तळमळ खरी होती, पण प्रश्नच घाईचा होता. चांगल्या-वाईटाचा विचार कसा वाढत जातो याची मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांची सहा पायऱ्यांची मांडणी १९५८च्या प्रबंधातल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांच्या मुलाखतींवरून सुरू झाली. त्यात मुली नव्हत्या, सहा वर्षांचं कोणी नव्हतं. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली मुलींच्या बाजूनं तिच्यावर जोरदार आक्षेप घेतला. त्यातून घ्यायचंच असेल तर एक घ्या. पत्नीच्या जिवासाठी औषध चोरावं का, या प्रश्नाला ‘हो’ आलं की ‘नाही’, याला कोलबर्ग महत्त्व देत नव्हते, ते कारण ऐकत होते. मुलाला ‘हे बरोबर की चूक?’ विचारून थांबू नका. ‘का?’ विचारा आणि मग गप्प बसा. मी मनात दहापर्यंत मोजते. आठ-नऊच्या आसपास उत्तर येतं, आणि बहुतेक पालकांनी तोवर स्वतःच ते दिलेलं असतं. ‘का केलंस?’ टाळायचं म्हटलं होतं, हा ‘का’ त्याहून वेगळा. हा कोणा तिसऱ्याबद्दलचा असतो, त्यात मुलाला स्वतःला वाचवायचं नसतं.

अजून एक, बाळांविषयी. एक मदत करणारं आणि एक अडवणारं अशी दोन लाकडी पात्रं दाखवली तर सहा महिन्यांचं बाळ मदत करणारं निवडतं, हा २००७चा प्रयोग ‘मूल जन्मतःच न्यायी’ म्हणून अजून सांगितला जातो. अलीकडे ३७ प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला, तेव्हा बाळांचा कल दोन्हीकडे सारखाच निघाला. पाळण्यातल्या बाळाकडून न्यायाची अपेक्षा धरून बसू नका.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे

वर लिहिलेलं सगळं रोजच्या भांडणांसाठी आहे. मूल महिनोन्‌महिने, पुन्हा पुन्हा, ठरवून प्राण्यांना किंवा लहान मुलांना इजा करत असेल, आधी असलेलं हसणं-मिसळणं अचानक बंद झालं असेल, किंवा ‘मी वाईटच आहे’ असं सारखं म्हणत असेल, तर लेख वाचून उपाय करत बसू नका. बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना मुलाला ‘तुला दाखवायला नेतोय’ म्हणून घाबरवू नका, आणि प्रसंग तारखेसह वहीत लिहून न्या: काय झालं, आधी काय झालं होतं, मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत.