मराठी लेखनासाठी एडिटर कसा पारखावा

मजकूर लिहायच्या प्रोग्रामांत, म्हणजे एडिटरांत, विम की ईमॅक्स, आणि संगणकाच्या कार्यप्रणालींत विंडोज की लिनक्स, हा वाद प्रोग्रामर मंडळींमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे, पण त्यात देवनागरीचा विषय क्वचितच निघतो. म्हणून रोज मराठीत पानंच्या पानं लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या शिफारशीवर एडिटर घेऊ नये. आपला मजकूर त्यात टाकून बघावा.

आधी कीबोर्ड. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. लिनक्सवर हे काम बहुधा आयबस नावाचा प्रोग्राम करतो. कळांची मांडणी मात्र इनस्क्रिप्टच (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) शिका, असा माझा आग्रह आहे. हात बसायला वेळ लागतो, पण उद्या सिस्टिम बदलली तरी शिकलेलं वाया जात नाही. ळ शिफ्ट-एनवर, ऱ शिफ्ट-जेवर.

आता नवी फाइल उघडा आणि हे टाइप करा:

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीने ॲल्युमिनियमचा डबा उघडला, तर उरलेल्या बाजरीला कीड लागली होती.

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, बंद करा, पुन्हा उघडा. (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक फाइलमध्ये साठवायचा प्रकार.) विंडोजचं नोटपॅड २०१९ पासून आपणहून यूटीएफ-८ वापरतं. त्याआधीच्या आवृत्तीत ते निवडावं लागतं, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मग कर्सर ‘लक्ष्मी’वरून बाणाच्या कळीने एकेक पाऊल पुढे न्या. ‘क्ष्मी’ डोळ्यांना एक दिसतं, पण आत सहा चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी. बॅकस्पेसने शेवटची वेलांटी तेवढी पुसली गेली तर उत्तम. अख्खं जोडाक्षर उडत असेल तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना रोज मनस्ताप होईल.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा शोधाची. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण बहुतेक एडिटर एक शोधताना दुसरा सापडवत नाहीत. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्याचंही तेच: कुणी ऱ ला हलन्त देऊन लिहितं, कुणी साध्या र् पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पाच जणांनी मिळून लिहिलेल्या स्मरणिकेत हे सगळे प्रकार हमखास असतात. तेव्हा शोधा-बदला उघडून सगळीकडे एकच रूप करून घ्या. कोणतं चिन्ह आहे अशी शंका आली तर विममध्ये एस्केप दाबा, अक्षरावर कर्सर ठेवा आणि इंग्रजी कीबोर्डवर जी, मग ए दाबा. त्या जागेचे सगळे सांकेतिक क्रमांक दिसतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

शब्दसूची करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गवत, गहू, गळ हे तीन शब्द तीन ओळींवर लिहून क्रम लावा. गळ सर्वांत वर गेला, तर एडिटर नुसता युनिकोडचा क्रम पाळतोय. तिथे ळ हे ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर.

विम मला कोड लिहायला आवडतो, मराठी लिहायला नाही. त्याच्या आज्ञा म्हणजे इंग्रजी अक्षरं, त्यामुळे एस्केप दाबून मराठी कीबोर्डवर कर्सर खाली नेणारी ‘जे’ ही कळ दाबली की र जातो आणि कर्सर हलत नाही. दरवेळी भाषा बदलत बसावं लागतं. शिवाय विम बहुधा ज्यात चालवतात त्या बऱ्याच टर्मिनलांत (आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांत) जोडाक्षरं तुटतात. ईमॅक्समध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट आतच आहे, कंट्रोल आणि \ या जोडीने ते चालू-बंद होतं, आणि कंट्रोलच्या आज्ञांना धक्का लागत नाही. ज्यांना शिकायचा उत्साह आहे त्यांनी तोच घ्यावा. बाकीच्यांना मी केट हा एडिटर सुचवेन: मोफत आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो, आणि पहिल्या दिवसापासून लिहिता येतं.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली मात्र, तोच फाँट लावलेला नसेल तर, कोणत्याही एडिटरमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरंच दाखवतील. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मूळ प्रत जपून ठेवा, आणि मगच वरच्या चाचण्या त्यांच्यावर लावा.