महापुरानंतर काही वर्षांनी सांगलीच्या नदीकाठी पूरग्रस्तांना भेटायला जाताना

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे धान्य, पाणी, औषधे आणि चादरी घेऊन या जिल्ह्यात धावून आली होती. त्यांतल्या अनेकांना आता, इतक्या वर्षांनंतर, ज्या घरांत आपण चिखल उपसला त्या घरांतल्या माणसांना पुन्हा भेटावेसे वाटते. त्यांच्याखेरीज प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, पत्रकार आणि गावाचा इतिहास नोंदवू पाहणारे हौशी अभ्यासकही येत असतात. अशा सर्वांना या भागातील रहिवासी म्हणून काही व्यवहारोपयोगी गोष्टी सांगाव्यात, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. सुरुवातीलाच सांगतो की ज्या माणसाला तुम्ही भेटणार आहात तो त्या आठ-दहा दिवसांपाशी थांबून राहिलेला नाही. त्याने पुढे घर सावरले, कर्ज फेडले, मुलीचे लग्न केले, पुन्हा एकदा पूर पाहिला. आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखे जे आहे त्याचा मोठा भाग या पुढच्या वर्षांतला आहे.

निघण्यापूर्वी

सांगलीत पुराविषयी बोलायचे तर आयर्विन पुलाची पातळी ठाऊक असायला हवी. पावसाळ्यात येथे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आणि उत्तर फुटांत येते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पाणी ४० च्या जवळ येऊ लागले की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागांतले लोक सामान हलवू लागतात. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, आणि २०१९ मध्ये जे घडले त्याचे एक महत्त्वाचे कारण या आकड्यात दडलेले आहे. "२००५ ला आपल्या पायरीपर्यंत आलं होतं, यंदा फार तर उंबऱ्यापर्यंत येईल," या हिशेबाने असंख्य कुटुंबे घरातच थांबली, सामान माळ्यावर चढवले आणि पाणी त्या माळ्यापर्यंत पोहोचले. हे समजून घेतले नाही, तर "तुम्ही वेळेत बाहेर का पडला नाहीत?" हा प्रश्न तुमच्या तोंडून निघेल आणि समोरच्याला तो आरोपासारखा लागेल. त्या लोकांनी अनुभवाला धरूनच निर्णय घेतला होता. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले, त्यामुळे २०१९ ची आठवण आणि २०२१ ची आठवण अनेक घरांत एकमेकींत मिसळलेली आढळते. ऐकताना कोणती गोष्ट कोणत्या वर्षाची आहे हे हळुवारपणे विचारून घ्यावे.

पूररेषा म्हणजे काय हेही माहीत असावे. निळी रेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा ही १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीवरून आखली जाते. या रेषांच्या आत घर असणे म्हणजे बांधकामाची परवानगी, घराची किंमत आणि बँकेचे कर्ज या सगळ्यांवर परिणाम होणे. म्हणून नकाशा काढून "तुमचे घर कोणत्या रेषेत येते?" असे पहिल्याच भेटीत विचारू नये.

गावागावांतला फरकही लक्षात घ्यावा. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे गाव. तेथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायामुलांसह अनेकांचा जीव गेला. भिलवडीत बाजारपेठ आणि नदीकाठचा घाट आहे, त्यामुळे तेथील आठवणींत दुकाने आणि गोदामे अधिक येतात. वारणा जेथे कृष्णेला मिळते त्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या पुरात त्यांची फार हानी झाली, आणि म्हणून तेथील वयस्क माणूस नुकसानीची कथा २०१९ पासून सुरू करीलच असे नाही. एकाच प्रश्नांची यादी घेऊन या तिन्ही गावांत गेलात तर तीनही ठिकाणी अर्धेच ऐकू येईल.

केव्हा जावे

जुलै आणि ऑगस्ट टाळावेत. त्या दिवसांत नदीकाठचा माणूस कोयना आणि चांदोली धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या बातम्यांकडे कान लावून असतो, आणि जुन्या पुराची चौकशी करणारा पाहुणा त्याला नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि द्राक्षबागांच्या फळछाटणीचे दिवसही सोडावेत, कारण तेव्हा दिवसभर घरी कोणी सापडत नाही. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की संध्याकाळी माणसे निवांत असतात. उसाला तोड आली असली तरी रात्रीच्या जेवणाआधीचा तासभर बहुधा मिळतो. मिरज जंक्शनला उतरून सांगलीत मुक्काम करावा आणि तेथून गावी जाऊन यावे. पुणे-मिरज मार्गावर भिलवडी आणि किर्लोस्करवाडी ही स्थानकेही आहेत. ज्यांना भेटायचे त्यांच्याच घरी उतरण्याचा आग्रह होईल, परंतु पहिल्या भेटीत तो नम्रपणे नाकारावा.

स्मृतिदिनाबाबत विशेष सावध राहावे. वर्तमानपत्रे ८ ऑगस्ट ही तारीख धरतात. घरात मात्र श्राद्ध तिथीने होते. २०१९ मध्ये नागपंचमी ५ ऑगस्टला होती, म्हणजे बोटीचा तो दिवस श्रावण शुद्ध अष्टमीचा. तारखेच्या हिशेबाने तुम्ही टाळलेला दिवस कोणा घराला मोकळा असेल, आणि तुम्ही निर्धास्तपणे निवडलेल्या दिवशी तेथे पान वाढलेले असेल. पितृपंधरवड्यातही हेच. ज्या घरात माणूस गेला आहे तेथे दिवस ठरवण्याचे काम घरच्यांवर सोपवावे.

कोणामार्फत जावे

सरपंचांना किंवा ग्रामपंचायतीला कळवणे हे शिष्टाचाराला धरून आहे, पण सर्व भेटी त्यांच्यामार्फत ठरवू नयेत. तसे केल्यास दरवेळी पाहुण्यांना दाखवली जाणारी तीच चार घरे तुम्हालाही दाखवली जातील. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, शाळेतले शिक्षक, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि दूध संकलन केंद्रावर बसणारा माणूस यांना कोण कुठे होते, कोण गाव सोडून गेले, कोणाला बोलायला आवडेल आणि कोणाला त्रास होईल हे नेमके ठाऊक असते. ब्रह्मनाळमधील ज्या घरांची नावे तेव्हा छापून आली, त्यांच्याकडे कॅमेरे घेऊन अनेक जण गेले. त्यांनी स्वतःहून होकार दिल्याशिवाय त्या दारात जाऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

त्याऐवजी ज्यांच्याकडे कोणी गेले नाही त्यांचा शोध घ्यावा. शेतमजूर, भाडेकरू, ऊसतोडीला बाहेर जाणारी कुटुंबे, आणि ज्यांनी स्वतःच्या नावेतून किंवा इंजिनाच्या होडीतून शेजाऱ्यांना बाहेर काढले ते नावाडी. वाचवणाऱ्यांनाही काही सहन करावे लागले आहे. कोणाला आधी न्यायचे आणि कोणाला पुढच्या खेपेला ठेवायचे हे त्यांना क्षणात ठरवावे लागले होते. सांगली शहरात गणपती पेठ, मारुती चौक आणि टिळक चौक या परिसरातले व्यापारी भेटतील, पण त्यांच्या दुकानांत कामाला असणाऱ्यांनाही भेटावे. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. तेथील जुन्या वाचकांशी बोलल्यास पुराचे एक वेगळेच नुकसान समजते.

पहिली भेट

गेल्यावर आपले नाव, गाव, येण्याचे कारण आणि ऐकलेल्याचे पुढे काय करणार, हे चार वाक्यांत स्पष्ट सांगावे. वही आणि पेन हाती दिसले की येथील लोकांना पंचनामा आठवतो. २०१९ मध्ये ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते. ते कोणाला मिळाले, कोणाचे नाव यादीतून सुटले, घरमालकाच्या नावावर गेले की भाडेकरूच्या, यावरून अजूनही मने दुखावलेली आहेत. त्यामुळे "मी सरकारकडून आलेलो नाही, माझ्याकडून कोणतीही मदत मंजूर होणार नाही" हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे. ते ऐकून एखाद्याने बोलण्यात रस दाखवला नाही, तर चहा घेऊन उठावे. ज्यांनी २०१९ मध्ये मदत वाटली होती त्यांनी त्या मदतीची आठवण स्वतःहून काढू नये. घरच्यांना आठवत असेल तर ते बोलतील, आणि आठवत नसेल तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

वयाप्रमाणे आक्का, मावशी, काकू, आजी, दादा, अण्णा, तात्या अशी हाक मारावी आणि बोलणे अहो-जाहोत ठेवावे. पुरुष ओसरीवर बोलत असतात तेव्हा बायका आत असतात, आणि पुराचा खरा तपशील बहुतेक वेळा आतच असतो. पाण्याखाली काय गेले, काय वाचले, निवारा केंद्रात लहान मुलाला काय खाऊ घातले, बाळंतिणीची सोय कशी केली, हे त्यांना माहीत असते. गटात एखादी स्त्री असेल तर तिने स्वयंपाकघराशी बसून वेगळे बोलावे.

काय विचारावे, कसे ऐकावे

"तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न मनातून काढून टाकावा. त्याने माणूस गप्प होतो किंवा वाहिन्यांना दिलेले उत्तर पुन्हा देतो. त्याऐवजी "पाणी कुठवर आलं होतं?" असे विचारावे. घरातले कोणीतरी उठते, भिंतीपाशी जाते आणि हात उंच करून दाखवते. रंग दिला असला तरी ती खूण सर्वांना ठाऊक असते. तेथून बोलणे आपोआप पुढे सरकते. दुसरा प्रश्न जनावरांचा. म्हशी कुठे हलवल्या, दावे कापले का, किती परत मिळाल्या, हे विचारले की जी माणसे स्वतःविषयी चार शब्द बोलत नाहीत तीही सविस्तर सांगू लागतात. नदीकाठच्या शेतकऱ्याने तेव्हा घर सोडायला उशीर केला तो पुष्कळदा जनावरांपायी, ही गोष्टही येथेच उलगडते.

यानंतर पुढच्या वर्षांकडे वळावे. पाणी ओसरल्यावर किती दिवसांनी घरी परतलात? मातीच्या भिंती भिजून पुढे खचल्या, तेव्हा नव्याने बांधायला पैसा कोठून आला? उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, पाणी गेल्यावर ते पीक मोडले की तसेच ठेवले? गावच्या सोसायटीचे पीककर्ज केव्हा फिटले? मुलांची शाळा किती काळ बंद होती? २०२१ ला पाणी वाढू लागले तेव्हा या खेपेस काय वेगळे केले? हे प्रश्न वरवर रुक्ष वाटतील, पण माझ्या मते पूर म्हणजे काय हे याच उत्तरांतून कळते, कारण पाणी काही दिवसांत गेले तरी त्याने घातलेला खड्डा भरायला वर्षे गेली. २०१९ मध्ये सात-आठ वर्षांची असलेली मुले आता मोठी झाली आहेत. पालकांची परवानगी घेऊन त्यांनाही विचारावे, त्यांना वडीलधाऱ्यांपेक्षा निराळे आठवते.

बोलता बोलता अलमट्टीचा विषय निघतोच. पुराचे कारण म्हणून कोणी कर्नाटकातील त्या धरणाच्या फुगवट्याकडे बोट दाखवील, कोणी कोयनेतून उशिरा सोडलेल्या पाण्याकडे, कोणी नदीपात्रातल्या भरावांकडे आणि बुजवलेल्या ओढ्यांकडे. शासनाने या पुराच्या अभ्यासासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालाविषयी आधी वाचून जावे, परंतु तो पुढे करून समोरच्याला खोडून काढू नये. ज्याचे घर बुडाले त्याचे म्हणणे जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि पडताळणी घरी आल्यावर करावी.

मृत्यूविषयी आपण होऊन विचारू नये. घरच्यांनी विषय काढला तर मध्ये न बोलता ऐकावे, आणि "देवाची इच्छा", "निदान तुम्ही तरी वाचलात" अशी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. कोणी रडू लागले तर लेखणी खाली ठेवावी, ध्वनिमुद्रण बंद करावे. पावसाचा आवाज आला की झोप लागत नाही, पाण्याची भीती जात नाही, असे कोणी सांगितल्यास १४४१६ हा टेली मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून द्यावा आणि आशाताईंच्या कानावर घालायचे का, हे त्यांनाच विचारून ठरवावे.

काय न्यावे, काय नेऊ नये

जुने कपडे नेऊ नयेत. २०१९ मध्ये आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग कितीतरी ठिकाणी रस्त्याकडेला पडून राहिले, आणि ते देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी घेणाऱ्याला त्यात अपमान वाटला. पाहुणा म्हणून फळे किंवा मुलांसाठी खाऊ पुरेसा आहे. मात्र पुराच्या वेळी तुम्ही काढलेली छायाचित्रे फोनमध्ये असतील, तर ती नीट छापून न्यावीत. लग्नाचे अल्बम, वारलेल्या माणसांच्या तसबिरी, शाळेचे दाखले असे सारे अनेक घरांतून वाहून गेले आहे, त्यामुळे एखाद्या चित्रात घरातला कोणी मागे उभा दिसला तरी ते मोलाचे ठरते. ती एकदम समोर न पसरता "तेव्हाचे फोटो आहेत, पाहायचे आहेत का?" असे विचारावे.

परत आल्यावर

जे लिहिले असेल ते छापण्यापूर्वी संबंधितांना वाचून दाखवावे आणि त्यांनी सांगितलेले बदल करावेत. नाव बदलायचे की ठेवायचे हा निर्णय त्यांचा. एक प्रत त्यांना, एक गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला द्यावी. पुन्हा येण्याचे वचन जमणार असेल तरच द्यावे. पुढच्या पावसाळ्यात आयर्विनला पाणी ४० फुटांकडे निघाल्याची बातमी आली, तर त्या घरी फोन करून चौकशीपुरते दोनच शब्द बोलावेत, आणि सांगली-मिरजेत किंवा जवळपास उंचावर तुमची एखादी रिकामी खोली असेल, तर तिचा पत्ता त्याच वेळी सांगून टाकावा.