प्रकाशाने तापणारा उत्प्रेरक: प्रकल्पात या चुका टाळा

कोकणातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकाशाने तापणाऱ्या उत्प्रेरकाच्या (रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या, पण स्वतः न खपणाऱ्या पदार्थाच्या) प्रकल्पाचं साहित्य घरच्या आवारातच मिळतं. काजूच्या टरफलांचा कोळसा प्रकाश भरपूर शोषतो आणि त्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की तो घन आम्ल उत्प्रेरक होतो. उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्लं खूप असतात. थेट कॉस्टिक सोडा घातला तर साबण होतो, म्हणून बायोडिझेल करताना आधी आम्ल उत्प्रेरक आणि मिथेनॉल वापरून त्या मेदाम्लांचे एस्टर करून घ्यावे लागतात. या पायरीची उष्णता हॉटप्लेटऐवजी उन्हातून थेट उत्प्रेरकाच्या कणांना द्यायची, ही कल्पना मोलाची आहे. ती कच्च्या मोजमापामुळे वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

अंधारातला प्रयोग न करणं

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. काळा उत्प्रेरक प्रकाशात तापतो, आणि तापला की रिॲक्शन वेग घेतेच. सक्रियण ऊर्जा (रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ६० किलोज्यूल धरली, तर ५० अंशांवरून ६० अंशांवर जाताना वेग जवळपास दुप्पट होतो. तापमान दहा अंशांनी चुकलं की प्रकाशाची जादू कागदावर आपोआप उमटते! म्हणून तोच फ्लास्क, तेवढंच तेल, मिथेनॉल आणि उत्प्रेरक घेऊन, फॉइल गुंडाळून, ऑइल बाथमध्ये त्याच आतल्या तापमानाला तेवढाच वेळ ढवळत ठेवा. दोन्हीकडचं आम्लमूल्य (तेलात उरलेल्या मुक्त मेदाम्लांचं माप) सारखं आलं, तर प्रकाशाने फक्त उष्णता दिली असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. उन्हाने दिलेली उष्णता हाच तर आपला फायदा आहे.

थर्मोकपलवर डोळे मिटून विश्वास

थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक दिव्याच्या किंवा उन्हाच्या झोतात असेल तर ते स्वतःच प्रकाश शोषून तापतं. तपासायला सोपं आहे: दिवा चालू असताना टोकावर पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली पाडा. आकडा काही सेकंदांत झरकन उतरला, तर तो द्रवाचा नव्हताच, कारण फ्लास्कभर तेल इतक्या लवकर निवत नाही. टोक खोल, सावलीच्या बाजूला न्या. इन्फ्रारेड गन इथे कामाची नाही. तिच्या तरंगलांबीला काच अपारदर्शक असते, त्यामुळे ती बाहेरच्या काचेचं तापमान सांगते.

कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन करण्यासारख्या वायूच्या रिॲक्शनमध्ये अडचण वाढते. उत्प्रेरकाच्या पुडीचा वरचा थर तापतो आणि तळाचा थंड राहतो. थर पातळ ठेवा आणि वर-खाली दोन्हीकडे मोजा.

हॅलोजन दिवा लावून प्रयोगाला 'ग्रीन' म्हणणं

हे मला सर्वात जास्त खटकतं. ५०० वॉटचा हॅलोजन तासाला अर्धा युनिट वीज खातो, आणि आपली बरीचशी वीज कोळशाचीच. त्या विजेचा प्रकाश करून प्रकाशाची पुन्हा उष्णता करण्यापेक्षा हॉटप्लेट परवडली. दिवा मोजमापापुरता वापरा, पण त्याची वीज हिशेबात धरा. उन्हाचा हिशेबही आधीच मांडा: स्वच्छ दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट पडतात, म्हणजे २० चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कवर जेमतेम २ वॉट. आरसा किंवा भिंग लागेलच. प्रयोग डिसेंबर ते मे या काळात उरका, पावसाळ्याच्या भरवशावर राहू नका. समुद्राजवळ काचेवर खारट थर बसतो, तो रोज पुसा.

उत्प्रेरक करताना धुवून निघणारं आम्लाचं पाणीही हिशेबात हवं. रासायनिक सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. ते पाणी उदासीन न करता ओतून देणाऱ्या प्रकल्पाला हरित म्हणवत नाही.

मिथेनॉल हलक्यात घेणं

ते ६४.७ अंशांना उकळतं आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही. तापलेल्या हॅलोजनशेजारी उघडा फ्लास्क कधीही ठेवू नका. वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडणारा कंडेन्सर लावाच, नाहीतर मिथेनॉल उडून जातं आणि दोष उत्प्रेरकाच्या माथी येतो.

दुसऱ्या वापरात उत्प्रेरक ढेपाळला तर

आधी आम्लगट सुटून द्रवात गेलेत का ते पाहा. रिॲक्शन अर्ध्यावर असताना गरम मिश्रण गाळून उत्प्रेरक काढा आणि गाळलेला द्रव त्याच तापमानाला पुढे चालवा. आम्लमूल्य तरीही उतरतच राहिलं, तर काम सुटलेलं आम्ल करत होतं. तसं नसेल, तर कोळशावर पाणी आणि तेलकट थर साचला असेल. मिथेनॉलने धुवून, ओव्हनमध्ये १०५ अंशांना वाळवून पुन्हा वापरून पाहा. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी मिथेनॉल मोकळ्या हवेत पूर्ण उडू द्या.