लिनक्स पॅकेजिंग शिकायचंय? कोऱ्या मशीनवर बिल्ड करा

तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्राम छान उघडला, म्हणजे पॅकेज (दुसऱ्याच्या मशीनवर बसवता येणारी प्रोग्रामची फाइल) झालं असं समजू नका. तुमच्याकडे याआधीच्या कामांसाठी घातलेल्या ढीगभर लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्राम वापरतात ते तयार कोडचे संच, असतात. ज्याला पॅकेज द्यायचं त्याच्याकडे त्या नसतात. या कामातली बहुतेक दुखणी इथूनच निघतात.

सुरुवात डेबपासून, म्हणजे डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेज प्रकारापासून करा. मूळ प्रकल्पाच्या टारबॉलचं (सोर्स कोडच्या गठ्ठा-फाइलचं) नाव ‘नाव_आवृत्ती.ओरिग.टार.जीझेड’ या साच्यात बसवा, तो उलगडा आणि आत ‘डेबियन’ फोल्डर करा. त्यात कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग आणि कॉपीराइट या फाइली हव्यात. डेबहेल्पर हे साधन पॅकेजिंगची ठराविक कामं करतं; त्याची कम्पॅट पातळी (वागण्याची आवृत्ती) 13 ठेवली तर साध्या प्रोग्रामची रूल्स फाइल तीन ओळींत आटोपते. वेळ जातो तो कंट्रोलवर, कारण पॅकेजला काय काय लागतं ते त्यात लिहायचं असतं.

बिल्डला, म्हणजे सोर्स कोडपासून पॅकेज बनवायला, काय काय लागतं ते आठवून लिहायच्या भानगडीत पडू नका. एसबिल्ड या साधनाने कोऱ्या क्रूटमध्ये (तुमच्याच मशीनवरच्या वेगळ्या, रिकाम्या सिस्टिममध्ये) बिल्ड लावा. एखादी हेडर फाइल सापडत नाही म्हणून ते अडेल. ती कोणत्या ‘-डेव्ह’ (बिल्डसाठी लागणाऱ्या फाइलींच्या) पॅकेजात आहे हे एपीटी-फाइल या कमांडने शोधा, कंट्रोलमध्ये नाव वाढवा, पुन्हा चालवा. काही फेऱ्या होतात, पण तयार झालेली यादी खरी असते.

प्रोग्राम चालताना लागणाऱ्या लायब्ऱ्यांचं गणित वेगळं. डीपीकेजी-शलिबडेप्स ही कमांड बायनरीत (तयार झालेल्या प्रोग्राम फाइलीत) नोंदलेल्या लायब्ऱ्या स्वतः शोधतं. प्रोग्राम सुरू झाल्यावर जे मागवलं जातं, ते मात्र त्याला दिसत नाही. क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचा एसव्हीजी चित्रं दाखवणारा प्लगइन द्यायचा राहिला की पॅकेज विनातक्रार बसतं, खिडकी उघडते आणि टूलबारवरची चित्रं गायब! अशा डिपेंडन्सी (लागणारी इतर पॅकेजेस) हातानेच लिहाव्या लागतात. म्हणून बिल्ड झालेलं पॅकेज नव्या व्हर्च्युअल मशीनवर घालून प्रत्येक मेनू उघडून बघा. पॅकेजातल्या चुका शोधणारं लिंटियन जरूर चालवा, पण ही चूक ते पकडत नाही.

पुढच्या आवृत्तीत एखादी फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवलीत, तर कंट्रोलमध्ये ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ दोन्ही लिहा. नाहीतर अपग्रेड करताना ही फाइल दुसऱ्या पॅकेजात आहे असं सांगून पॅकेज बसवणारं डीपीकेजी थांबतं. चाचणी आवृत्तीला ‘1.0~आरसी1’ असा क्रमांक द्या. तरंगचिन्हामुळे ती 1.0 च्या आधीची धरली जाते.

मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबसाठी पॅकेज करताना दोन गोष्टी आधी विचारा: मुलांना सुडो (ॲडमिनचे अधिकार) आहे का आणि उबुंटू कोणतं आहे. 22.04 वर बिल्ड केलेली बायनरी 20.04 वर ‘जीलिबसी 2.34 सापडली नाही’ म्हणून बंद पडते, कारण तिथली जीलिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी) 2.31 आहे. त्यामुळे ॲपइमेज (न बसवता थेट चालणारी एकच फाइल) नेहमी चालवायच्या असलेल्यांपैकी सर्वांत जुन्या आवृत्तीवर करा. लॅबमध्ये फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारा पॅकेज प्रकार) आधीच असेल तर ‘--यूझर’ देऊन सुडोशिवाय ॲप घालता येतं. फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅक ॲपच्या भांडारात, बिल्डच्या वेळी इंटरनेट मिळत नाही; पायथॉनचं प्रत्येक मॉड्यूल पत्ता आणि एसएचए256 बेरजेसह (फाइल तीच आहे हे पडताळणाऱ्या आकड्यासह) मॅनिफेस्ट या बिल्डच्या कृती-फाइलीत द्यावं लागतं. ॲपसाठी अख्ख्या होम फोल्डरची परवानगी मागू नका. फाइल निवडण्यासाठी पोर्टल, म्हणजे वापरकर्त्याने निवडलेली फाइलच ॲपला देणारी सोय, पुरतं.

सरावासाठी पवईच्या आयआयटीत फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाखाली घडणारं ईसिम हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सॉफ्टवेअर घ्या. ते पायथॉन, किकॅड (सर्किट काढणारं) आणि एनजीस्पाइस (सर्किट चालवून बघणारं) यांवर उभं असल्यामुळे वरच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच जागी भेटतात. लिनक्सचा पायाच कच्चा असेल, तर तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे आधी करा.

कॉपीराइट फाइल शेवटी उरकायची नाही. आयकॉन, फाँट, आत कोंबलेली परकी लायब्ररी, प्रत्येकाचा परवाना तपासा. परवान्याविना असलेल्या एका आयकॉनमुळेही डेबियनमध्ये पॅकेज नाकारलं जाऊ शकतं.

आणि डेस्कटॉप फाइल, म्हणजे मेनूत प्रोग्रामचं नाव आणि आयकॉन दाखवणारी. तिच्यात ‘नेम’च्या मराठी ओळीत देवनागरी नाव घाला. मग ‘प्रयोग अहवाल’ अशा, मध्ये जागा असलेल्या देवनागरी नावाच्या फाइलवर डबल-क्लिक करा. प्रोग्राम उघडला पण फाइल आली नाही, तर ‘एक्झेक’च्या (प्रोग्राम सुरू करणाऱ्या कमांडच्या) ओळीत ‘%एफ’ (उघडायच्या फाइलची जागा) लिहायचं सुटलं नाही ना, ते बघा.