स्लॅबच्या खाचेत एफआरपी सळई बसवताना या चुका टाळा

कार्बन किंवा ग्लास फायबरची एफआरपी सळई (रेझिनमध्ये बांधलेल्या तंतूंची) सहसा तुटत नाही, सुटते ती तिची काँक्रीटवरची पकड. जुना स्लॅब किंवा बीम मजबूत करताना काँक्रीटमध्ये खाच पाडून त्यात ही सळई एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदाने बसवतात. पैसे सळईवर जातात, पण लक्ष खाचेवर हवं.

सगळ्यात महागात पडतं ते कव्हर, म्हणजे आतल्या लोखंडावरचा काँक्रीटचा थर, न तपासता ग्राइंडर चालवणं. गोल सळईला खाच रुंदीला आणि खोलीला व्यासाच्या किमान दीडपट लागते. १० मिमी सळईला १५, प्रत्यक्षात १६ धरा. स्लॅबमध्ये ही खाच मुख्य सळयांच्या मधोमध पाडता येते. बीममध्ये मात्र मुख्य सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा खाचेला आडव्या येतात. कव्हर नकाशावर २५ मिमी आणि जागेवर १२ असलं, तर डिस्क रिंगा कापत जाते आणि बीमची कातरबलाची ताकद घटते. कव्हर मीटर फिरवून लोखंड खडूने आखा. कव्हर १६ मिमीच्या आसपास निघालं तर ८ मिमी सळई आणि १२ ची खाच. त्याहून कमी असेल तर बीमवर ही पद्धत वापरूच नका. दोन खाचांत खोलीच्या दुपटीहून जास्त मोकळं अंतर आणि कडेपासून चौपट अंतर ठेवा.

बाल्कनीला खालून सळई लावलेली दिसते. ते काम वाया जातं. बाल्कनीत ताण वरच्या बाजूला असतो, त्यामुळे फरशी काढून खाच वरूनच पाडायची आणि सळई आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब न्यायची.

गंजलेल्या लोखंडावर हा उपाय चालत नाही. गंज फुगून कव्हर फोडतो, त्याबरोबर नवी सळईही सुटते. आधी सैल काँक्रीट काढा, लोखंड घासा, दुरुस्ती पूर्ण सुकू द्या. कार्बन सळई लोखंडाला टेकली तर लोखंड आणखी गंजतं. ग्लास फायबरला ती अडचण नाही.

ओल हा सांगलीत नेहमीचा प्रश्न. कृष्णेचं पाणी शिरलेल्या इमारतीत वरून कोरडा दिसणारा भाग आतून ओला असतो. साधारण ४५ सेंमीचा चौकोनी प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटवून १६ तास ठेवा. आत थेंब दिसले तर थांबा. खाचेतली धूळ आधी ब्रशने, मग तेलमुक्त कोरड्या हवेने काढा.

एपॉक्सीचा हिशेब: १६ × १६ खाचेत १० मिमी सळई बसवल्यावर मीटरला सुमारे १८० मिली जागा उरते. वाया जाणारं धरून २०० घ्या, म्हणजे ४०० मिलीची ट्यूब दोन मीटरला पुरते. नोझलमधून रंग एकसारखा येईपर्यंतचा माल फेकून द्या. खाच अर्धी भरा, सळई हलकी हलवत दाबा, दोन्ही बाजूंनी एपॉक्सी वर आलं की उरलेली भरा. रिकाम्या खाचेत सळई ठेवून वरून भरलं तर खाली पोकळी राहते. मे महिन्यात माल भराभर घट्ट होतो. सकाळी लवकर काम करा आणि थोडाच माल कालवा.

गुऱ्हाळाच्या चुलवणावरच्या किंवा बेकरीच्या भट्टीवरच्या स्लॅबला ही पद्धत नको. नेहमीचं एपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं.