‘रडारवरपण आलं म्हणे!’ आकाशातल्या अनोळखी दिव्यांबाबत या चुका टाळा

नरक चतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान उरकून आम्ही सगळे छतावर जमलो होतो. (पुण्याकडचे पाहुणे गच्ची म्हणतात, आमच्या घरात छतच.) सुतळी बॉम्बची वात पेटवता पेटवता भाचा थांबला आणि पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा, ते बघा. हलत नाहीये.”

ग्वाल्हेरच्या मोरार भागाच्या दिशेला एक पांढरा ठिपका होता. दिवा लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. दुर्बीण असलेला घरातला एकमेव माणूस मी, त्यामुळे निकाल मीच द्यायचा होता. “शुक्र आहे रे,” मी ऐटीत म्हणालो. सात-आठ मिनिटांनी तो शुक्र डोळ्यांदेखत नाहीसा झाला. मावळला नाही, ढगाआड गेला नाही. होता आणि नव्हता.

दुपारच्या फराळापर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली होती आणि तिला शेपूट फुटलं होतं: “महाराजपूरच्या रडारवरपण आलं म्हणे!” कोणी सांगितलं? शेजाऱ्यांच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या कोणीतरी. संध्याकाळी तर ठिपक्याला वेगही मिळाला, ताशी ४,००० किलोमीटर.

आम्ही राहतो ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं जे शहर झालं ते लष्कर. फौजेशी माझा संबंध एवढाच. पण इथे महाराजपूरला हवाई दलाचा तळ आहे आणि तिथे मिराज २००० लढाऊ विमानं आहेत. २०१९ च्या बालाकोट हल्ल्यातली मिराज विमानं इथूनच उडाली होती. त्यामुळे आमच्याकडे आकाशात काहीही चमकलं की पाचव्या मिनिटाला कोणीतरी रडारला साक्षीला बोलावतं. या विषयातली सगळ्यात मोठी चूक मला तीच वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

रडारला डोळे आहेत असं समजू नका

रडार वस्तू पाहत नाही. रेडिओ लहरींचा एक झटका सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला ते मोजतं. एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर, हा हिशेब. पडद्यावरचा ठिपका म्हणजे त्या हिशेबाचं उत्तर. गणित बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं, कारण लहर सरळ गेली आणि सरळ परत आली असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

ती नेहमी सरळ जात नाही. थंडीत सकाळी सात वाजता किल्ल्यावर जाऊन खाली शहराकडे पाहा. चुलींचा, शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर वर जाता जाता एका उंचीवर अडतो आणि पट्टीने रेघ मारावी तसा सपाट पसरतो. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, म्हणजे तापमानाचा उलटा थर. धूर ज्या झाकणाला अडतो, तसल्याच थरात रडारची लहर वाकते, खाली वळते आणि क्षितिजापलीकडच्या जमिनीवर, इमारतींवर, टेकड्यांवर आपटून परत येते. पडद्यावर मात्र हवेत काहीतरी दिसतं. थर हलला की ठिपकाही उडी मारतो, आणि त्या उडीचा वेग काढला की ताशी हजारो किलोमीटर सहज भरतात.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर थेट अरबस्तान दिसल्याची नोंद आहे, म्हणजे १,६०० ते २,४०० किलोमीटरवरची जमीन. यंत्र बिघडलेलं नव्हतं. समुद्रावरच्या हवेने लहरींसाठी जणू बोगदाच तयार केला होता.

दुसरा घोटाळा उशिरा आलेल्या प्रतिध्वनीचा. समजा रडार सेकंदाला १,००० झटके सोडतं. दोन झटक्यांमधल्या वेळात लहर १५० किलोमीटर जाऊन परत येते. १८० किलोमीटरवरच्या एखाद्या मोठ्या वस्तूचा प्रतिध्वनी पुढचा झटका सुटल्यावर पोचतो आणि साधं रडार ती वस्तू ३० किलोमीटरवर आहे असं दाखवतं. आधुनिक रडारमध्ये यावर उपाय असतात, पण जुन्या घटनांमधल्या रडारबद्दल वाचताना हे लक्षात ठेवा.

आणि पक्षी. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रडारवाल्यांनी कारण न कळणाऱ्या ठिपक्यांना ‘देवदूत’ असं नाव ठेवलं होतं. पुढे त्यांतले पुष्कळ देवदूत स्थलांतर करणारे पक्षी निघाले.

म्हणून कोणी “रडारवर आलं” म्हटलं की विचारा: कोणत्या प्रकारचं रडार? विमानतळाचं दुय्यम रडार मुळात विमानातल्या यंत्राने पाठवलेलं उत्तर ऐकतं. उत्तर न देणारी वस्तू त्याला कळतच नाही. एकाच रडारवर की दोन वेगळ्या जागच्या? उंची मोजली होती की फक्त अंतर आणि दिशा? गल्लीत या प्रश्नांची उत्तरं मिळणार नाहीत. पण ती नाहीत, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

दोन साक्षी एकत्र शिवू नका

रडारवर काहीतरी होतं, आकाशात काहीतरी होतं, म्हणजे दोन्ही एकच. हे इतकं पटकन पटतं की तपासायचं कोणाला सुचत नाही.

जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनला हेच झालं. दोन शनिवारी रात्री तिथल्या विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके आले, एफ-९४ विमानं धावली, वर्तमानपत्रं भरून गेली. २९ जुलैला अमेरिकी हवाई दलाचे मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकारांपुढे तापमानाच्या उलट्या थराचं कारण पुढे केलं. रडारवर बसलेल्या नियंत्रकांना ते पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण एक गोष्ट बघा. वैमानिकाला खालून सांगितलं जातं, “तुझ्या उजवीकडे काहीतरी आहे.” रात्रीची वेळ, उजवीकडे शंभर तारे. त्यातला एखादा त्याला सापडणारच.

बेल्जियममध्ये ३० मार्च १९९० च्या रात्री उलटं झालं. जमिनीवरच्या लोकांना दिवे दिसत होते, दोन एफ-१६ लढाऊ विमानं पाठवली गेली, त्यांच्या रडारने काही सेकंदांपुरते लॉकही घेतले, म्हणजे लक्ष्य पकडून धरलं. वैमानिकांना मात्र डोळ्यांनी काहीच दिसलं नाही. पुढच्या छाननीत काही लॉक एका एफ-१६ ने दुसऱ्यावरच घेतलेले निघाले, बाकीच्यांचं खापर हवेच्या थरांवर फुटलं. तरी ‘लोकांनीही पाहिलं, रडारनेही पाहिलं’ या वाक्यावर ती घटना अजून उभी आहे.

दोन साक्षी एक मानायच्या तर वेळ मिनिटापर्यंत जुळली पाहिजे, दिशा जुळली पाहिजे, आणि एकाने दुसऱ्याला आधी सांगितलेलं नसलं पाहिजे. वेळेचा घोळ तर आपल्याकडे हमखास होतो. उपग्रहांची आणि विमानांची माहिती देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे दोनला पाहिलेली गोष्ट तिथे आदल्या तारखेच्या रात्री साडेआठला शोधावी लागते. तारखेची ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा “त्या वेळी वर काहीच नव्हतं” असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो आहे.

‘फौजी माणूस कसा चुकेल?’

चुकतो. डोळे त्यालाही दोनच असतात. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी महिनोन्‌महिने रात्री दिसणाऱ्या तेजस्वी वस्तूंची नोंद केली. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं आणि त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. बातमी वाचून लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. लडाखची हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह डोंगराच्या कडेला टेकलेले, आणि समोर खरीखुरी सीमा. जवानांनी वेळ आणि जागा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून तर छडा लागला.

अंधारात एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की तो स्थिर असूनही सरकतो असं वाटतं. आणि अंतर माहीत नसेल तर आकार आणि वेग सांगताच येत नाही. डोळ्याला फक्त कोन कळतो. अमेरिकी नौदलाच्या विमानातून टिपलेल्या एका प्रसिद्ध चित्रफितीत समुद्रावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून गणित मांडलं, तेव्हा ती वस्तू चारेक किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने जात असल्याचं निघालं. वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूचा हा वेग. सुसाट होतं ते कॅमेरा घेऊन जाणारं विमान.

म्हणून “बसएवढं होतं, दोन किलोमीटरवर होतं” असं लिहू नका. हात पुढे ताणून करंगळीच्या नखाशी तुलना करा, क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश.

रडारवर नव्हतं म्हणजे नव्हतंच, हेही नको

रडारवर सगळंच दाखवलं तर पडदा पक्ष्यांनी आणि ढगांनी भरून जाईल, म्हणून फार हळू आणि फार लहान गोष्टी गाळल्या जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी फुगा पाडल्यावर ही गाळणी थोडी सैल केली. लगेच आणखी तीन वस्तू दिसल्या आणि तीन दिवसांत पाडल्याही गेल्या. आकाश तेच होतं, गाळणी बदलली होती.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला इंफाळ विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं म्हणून काही तास उड्डाणं थांबवली गेली. शोधायला राफेल गेली, पण काही हाती लागलं नाही. तेवढ्यावरून पाहणारे खोटारडे ठरत नाहीत आणि वस्तू परग्रहावरची ठरत नाही.

आपल्या गावचे दिवे आधी ओळखा

तळाकडे उतरणारं विमान तोंड तुमच्याकडे करून येत असेल तर त्याचा दिवा मिनिटभर जागचा हलत नाही, मग अचानक वळतो आणि ‘पळून जातो’. लढाऊ विमानाच्या शेपटीतली ज्योत पेटली की नारिंगी ठिणगी सरळ वर चढताना दिसते. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्रांना चकवण्यासाठी सोडलेले दिवे ओळीने पेटतात आणि ओळीनेच विझतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर रात्री दहाच्या सुमाराला दिसलेली दिव्यांची रांगही हवाई दलाने सरावात सोडलेल्या प्रकाशगोळ्यांची निघाली. स्टारलिंक उपग्रहांची माळ आता पोरंही ओळखतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. तळाच्या कुंपणाकडे कॅमेरा किंवा ड्रोन घेऊन जाऊ नका. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे आणि “उडती तबकडी शोधत होतो” हे उत्तर ठाण्यात चालत नाही. आणि अनोळखी दिव्यावर हिरवा लेसर मारू नका. तो दिवा विमानाचा असला तर वैमानिकाचे डोळे दिपतात.

ओळख पटली नाही, एवढंच म्हणा

अनोळखी उडत्या वस्तूंची छाननी करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांतल्या ७०१ ची ओळख पटली नाही. २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ नोंदींपैकी एकाच वस्तूची खात्रीने ओळख लागली: हवा गेलेला मोठा फुगा. बाकी १४३ चमत्कार नव्हते. माहिती अपुरी होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या निमित्झ या विमानवाहू नौकेच्या वैमानिकांनी पाहिलेल्या पांढऱ्या वस्तूचं सर्वांना पटेल असं उत्तर आजही नाही. ते नाही म्हणून सांगायला लाज वाटू नये.

माझ्यासारख्यांची चूक याच्या उलटी असते. दिसेल त्यावर ‘शुक्र’ असा शिक्का मारायचा आणि चहा प्यायला जायचं. त्या पहाटे मी तेच केलं. भाच्याने मात्र फोनवर वेळ टिपून ठेवली होती: सहा वाजून सात मिनिटं, पूर्व, तीन मुठी वर. ग्रहांची जागा तपासली तर शुक्र तिथे नव्हताच.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर हवामान खात्याचा फुगा आठवला. जगभरच्या वेधशाळा जागतिक वेळेनुसार शून्य आणि बारा वाजताच्या नोंदीसाठी फुगे सोडतात. शून्य म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि फुगा सुटतो त्याच्या आधी. ग्वाल्हेर त्या यादीत आहे, केंद्र क्रमांक ४२३६१. फुगा सेकंदाला पाचेक मीटर चढतो, वरचा पश्चिमेचा वारा त्याला पूर्वेकडे नेतो, विरळ हवेत तो फुगत फुगत सात-आठ मीटरचा होतो. खाली अंधार असतानाच पंचवीस किलोमीटर उंचीवर ऊन पोचलेलं असतं, त्यामुळे तो चमकतो. मग रबर ताण सोसत नाही आणि फुगा फुटतो. होता आणि नव्हता.

या नोंदी सगळ्यांना पाहायला खुल्या असतात. त्या पहाटेच्या नोंदीतली शेवटची ओळ पंचवीस किलोमीटरच्या वर जाऊन थांबली होती.

भाऊबीजेला शेजारी आले तेव्हा मी त्यांना कागदावर चित्र काढून सगळं समजावलं: वारा, उंची, ऊन, रबर. त्यांनी करंजी खात शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो. पण नुसता फुगा असता तर रडारवर कशाला आला असता?”